विंडोज ९८ साठी केव्हीएम की ८६बॉक्स?

फोंड्याला आमचा लहानसा छापखाना आहे. आरतीसंग्रह, लग्नपत्रिका यांच्या जुन्या फायली पेजमेकर ६.५ मध्ये आणि युनिकोडच्या आधीच्या फाँटांत अडकलेल्या, त्यामुळे विंडोज ९८ ला निरोप देता येत नाही. तीन वर्षं ते क्यूईएमयू-केव्हीएमवर (मशीनच्या खऱ्या प्रोसेसरवर आभासी मशीन, म्हणजे व्हीएम, चालवणारं लिनक्सचं सॉफ्टवेअर) चालवलं, गेलं वर्षभर ८६बॉक्स या जुन्या पीसींच्या एम्युलेटरवर.

वेगात तुलनाच नाही. केव्हीएमवर पान मागितलं की हजर. ८६बॉक्स सगळा प्रोसेसर सॉफ्टवेअरमध्ये उभा करतं. माझ्या लॅपटॉपवर पेंटियम टू लावला की पंखा घोंघावायला लागतो, म्हणून २०० मेगाहर्ट्झच्या पेंटियम एमएमएक्सवर भागवतो.

बिनसलं ते लॅपटॉप बदलल्यावर. इंटेलच्या आठव्या पिढीवर केव्हीएममध्ये निमूट चालणारी इमेज (विंडोज ९८ ची अख्खी डिस्क साठवलेली फाइल) एएमडीच्या रायझन ५००० वर 'विंडोज प्रोटेक्शन एरर' देऊ लागली. कधी सुरू व्हायची, कधी पेजमेकर उघडताना कोसळायची. चवथ (गणेश चतुर्थी) आठवड्यावर आली होती आणि भजनी मंडळाचं पुस्तक अर्धवट. व्हीएमच्या सेटिंगमध्ये सीपीयू 'पेंटियम' करून पाहिला, पण तो सीपीयूआयडीवर (प्रोसेसर स्वतःची ओळख सांगतो ती सूचना) चढवलेला नुसता मुखवटा. खाली राबतो खराच प्रोसेसर. पेज टेबल (मेमरीच्या पत्त्यांचा तक्ता) बदलल्यावर टीएलबी (त्या तक्त्याची प्रोसेसरमधली झटपट नक्कल) साफ करायला विंडोज ९८ काही ठिकाणी चुकतं. जुन्या प्रोसेसरवर ते खपून जायचं. एएमडीच्या झेन २ पासून (रायझन ५००० त्यातच मोडतं) आणि इंटेलच्या ११व्या पिढीपासून खपत नाही. पॅचर९एक्स हे दुरुस्तीचं टूल त्यावर चांगला उतारा आहे, पण त्यासाठी विंडोजच्याच फायली बदलाव्या लागतात. ते मला रुचलं नाही. तुम्हाला चालेलही. मी मात्र ८६बॉक्सकडे वळलो.

एमएसआरचंही (प्रोसेसरच्या मॉडेलागणिक बदलणारी खास रजिस्टरं) तसंच. अनोळखी रजिस्टर दिसलं की केव्हीएम गेस्टला (व्हीएमच्या आतल्या विंडोजला) जीपी फॉल्ट, म्हणजे प्रोसेसरची चूक, देतं. केव्हीएमचा 'इग्नोअर एमएसआर्स' पर्याय चालू केला तर वाचताना शून्य मिळतं, लिहिलेलं गिळलं जातं. मात्र तो पर्याय अख्ख्या होस्टला (खऱ्या मशीनला) लागू होतो, एका व्हीएमपुरता नाही. शेजारी हिशेबाची व्हीएम असताना माझं मन कचरतं. ८६बॉक्समध्ये निवडलेल्या प्रोसेसरची रजिस्टरं त्या प्रोसेसरचीच, खाली मशीन कुठलंही असो.

विंडोज २००० किंवा एक्सपी असेल तर मात्र केव्हीएमच बरं, ८६बॉक्सवर जीव नकोसा होईल. ९८ ची इमेज मी पेनड्राइव्हवर घालून म्हापशाला भावाच्या नव्या मशीनवर लावली. पेजमेकर सावकाश उघडला, जोडाक्षरं जागच्या जागी होती.