नमुना एक, थान दुसरंच: ट्रेकच्या गोधडीसाठी कापड घेताना झालेली फसवणूक

ट्रेकसाठी घरीच हलकी गोधडी शिवायचं ज्यांच्या मनात आहे, त्यांनी कापडाचे पैसे पाठवण्याआधी हे वाचावं. जळगाव, धुळे, नंदुरबारची कितीतरी मुलं आता थंडीत तोरणमाळला मुक्कामी जातात. तयार स्लीपिंग बॅग परवडत नाही, म्हणून गोधडी शिवणं शहाणपणाचंच आहे. स्लीपिंग बॅगचा पाठीखालचा भराव अंगाच्या वजनाने दबतो आणि दबलेला भराव ऊब धरत नाही. ते काम अंगाखाली अंथरायच्या मॅटवर सोपवलं की पाठीचा भाग शिवावाच लागत नाही, तेवढं ओझं कमी होतं. मात्र या सगळ्याचा जीव कापडात आहे, आणि फसवणूकही नेमकी तिथेच होते.

आमच्या गटाने एका ऑनलाइन विक्रेत्याकडून 20 डेनियरचं रिपस्टॉप, म्हणजे बारीक चौकडीच्या विणीचं, नायलॉन मागवलं. 36 जीएसएम, पन्हा 58 इंच, थानात 20 मीटर. डेनियर म्हणजे 9000 मीटर धाग्याचं ग्रॅममधलं वजन, आणि जीएसएम म्हणजे एक चौरस मीटर कापडाचं. माल सुरतेच्या मिलचा आहे, असं त्याने सांगितलं. सुरत-जळगाव रेल्वेच्या ताप्ती लाइनवरच्या आम्हा लोकांना सुरत काही परकी नाही, त्यामुळे कुणाला शंका येण्याचं कारण नव्हतं. त्याने आधी हातभर नमुना पाठवला. तो खरोखरच उत्तम होता: मऊ, पातळ, दोन्ही बाजूंनी सारखा. जळगावच्या फुले मार्केटमध्ये साधा टफेटा (साध्या विणीचं पातळ कापड) ज्या भावाला मिळतो, त्याच्या तिपटीने पैसे आम्ही यूपीआयवर आगाऊ भरले.

थान आलं तेव्हा रंग तोच, बारीक चौकडीही तीच. शिवणाऱ्या मावशींनी मात्र कापड दोन बोटांत चोळलं आणि म्हणाल्या, "भाऊ, हाई ते छत्रीनं कापड शे." विक्रेत्याला फोन केला तर तो म्हणाला, नव्या कापडाला खळ असते, एकदा धुतलं की हलकं आणि मऊ होतं. त्या भरवशावर पहिली गोधडी शिवली गेली. आमच्यातला एक पोरगा ती घेऊन तोरणमाळला गेला. पहाटे त्याला हुडहुडी भरली. गोधडी आतून ओली झाली होती. पाऊस नव्हता, तंबू गळत नव्हता. ते पाणी त्याच्याच अंगाची वाफ होती.

राग पैशांचा आहेच, पण त्याहून जास्त या रात्रीचा आहे. छत्रीच्या किंवा तंबूच्या कापडाला एका बाजूने पीयूचा, म्हणजे पॉलियुरेथेन या प्लास्टिकचा, लेप असतो. त्यातून हवा जात नाही, वाफही बाहेर पडत नाही. ती आतच थंड होऊन भराव भिजवते आणि भिजलेला भराव ऊब सोडतो. गोधडीच्या कापडाला हवा असतो तो डीडब्ल्यूआर, म्हणजे फक्त धाग्यावर बसणारा, पाणी झटकणारा थर. त्याने विणीतली भोकं बुजत नाहीत. गंमत म्हणून कुणी पाण्याचा थेंब टाकून पाहील, तर तो दोन्ही कापडांवर मोत्यासारखा उभा राहतो. म्हणून थेंबावर विसंबू नका. कापड तोंडावर ताणून धरा आणि जोराने फुंका. डीडब्ल्यूआरवाल्यातून थोडी तरी हवा पलीकडे जाते, लेपवाल्यातून अजिबात नाही.

मग थान वजनकाट्यावर ठेवलं, खरं तर ते पहिल्याच दिवशी व्हायला हवं असतं. 58 इंच म्हणजे 1.47 मीटर; 20 मीटरचं क्षेत्रफळ साधारण 29.5 चौरस मीटर. 36 जीएसएम असतं तर वजन एक किलो आणि साठेक ग्रॅम भरलं असतं. भरलं दोन किलोच्या वर, म्हणजे जीएसएम सत्तरच्या घरात. एका गोधडीला आतून-बाहेरून मिळून साडेसहा चौरस मीटरच्या आसपास कापड लागतं. म्हणजे भराव एक ग्रॅमही न वाढवता प्रत्येक गोधडीमागे दोनशे ग्रॅमहून जास्त ओझं पाठीवर आलं.

चौकडी दिसली म्हणजे नायलॉनच, असंही समजू नका. रिपस्टॉप ही फाट पुढे सरकू नये म्हणून जाड धागे घालून केलेली वीण आहे, ती पॉलिएस्टरमध्येही असते. "190टी" म्हटलं तर तो धाग्यांच्या संख्येचा आकडा आहे, वजनाचा नाही. विक्रेते डेनियर विचारल्यावर हाच आकडा पुढे करतात. पॉलिएस्टर वाईट असतं असं माझं म्हणणं नाही. ते ओलं झाल्यावर नायलॉनसारखं सैल पडत नाही आणि उन्हातही जास्त टिकतं. पातळ आणि बिनलेपाचं पॉलिएस्टर पॉलिएस्टरच्याच नावाने, पॉलिएस्टरच्याच भावाने विकलं असतं तर आम्ही आनंदाने घेतलं असतं.

पुढचं थोडक्यात. वजनाचे फोटो पाठवल्यावर विक्रेत्याने आमचे नंबर ब्लॉक केले. बिलावर फक्त "कापड 20 मीटर" लिहिलं होतं. डेनियर नाही, जीएसएम नाही, नायलॉन हा शब्दही नाही. आता तक्रार करताना हेच सगळ्यात जास्त आड येतंय. सुदैवाने त्याचे जुने मेसेज आणि तो हातभर नमुना आमच्याकडे आहे. 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आहे. तिथे तड लागली नाही तर जिल्हा ग्राहक आयोगात जाऊ. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे फी लागत नाही.

तुम्ही घेणार असाल तर बिलावर धागा, डेनियर, जीएसएम, पन्हा आणि "बिनलेपाचं" हे सगळं लिहून मागा. जो लिहून देत नाही त्याच्याकडून घेऊ नका, भाव कितीही गोड असो. पार्सल उघडताना व्हिडिओ काढा आणि त्याच व्हिडिओत थान काट्यावर ठेवा. कात्री त्यानंतर.