रूफटॉप टेंटवाली भाड्याची गाडी आणि ऊडनाडट्टा ट्रॅक: तंबू झकास, स्टेपनी रामभरोसे

साडेतीन स्टार देतेय, तेही तंबूमुळे.

जुलैमधे आम्ही दोघांनी (मी आणि नवरा, राहतो ॲडलेडला, मूळचे साताऱ्याकडचे) नऊ दिवसांसाठी ऊडनाडट्टा ट्रॅकवर (साउथ ऑस्ट्रेलियातला ओसाड भागातला कच्चा रस्ता) जायला फोर व्हील ड्राइव्ह भाड्याने घेतली. टपावर घडीचा तंबू, मागे ड्रॉवरमधे गॅस आणि भांडी, छोटा फ्रीज, वेगळी बॅटरी, खुर्च्या, सगळं त्यातच. कंपनीचं नाव लिहीत नाहीये कारण डिपॉझिटचा मामला अजून ईमेलवर चालूच आहे, पण कोणाचा आउटबॅकला, म्हणजे ऑस्ट्रेलियाच्या आतल्या ओसाड भागात, जायचा विचार असेल तर उपयोग होईल म्हणून हे सविस्तर.

आधी चांगलं. तंबू खरंच मस्त. दोन क्लिपा काढा, शिडी ओढा, पाच मिनिटांत घर उभं, आत चांगली जाड गादी, आणि जमिनीपासून वर असल्यामुळे साप-विंचवाची धास्ती नाही. फ्लिंडर्स रेंजेसच्या डोंगरांमधे पहिल्या रात्री तीन डिग्री होतं, आम्ही दोन रजया आणि कानटोप्या घालून झोपलो, पण वरची चैन उघडली आणि असलं आकाश मी लहानपणी आजोळच्या गच्चीवरून पाहिलं होतं त्यानंतर आत्ताच. एकच त्रास, रात्री दोनला बाथरूमला जायचं तर अंधारात ती शिडी उतरायची, आणि एक जण हलला की अख्खी गाडी हलते म्हणजे दुसरा जागा होणारच. भांडण व्हायला एवढं पुरतं.

फ्रीजला पैकीच्या पैकी. दही पाचव्या दिवशीसुद्धा टिकलं होतं.

मारी नावाच्या गावापासून खरा ट्रॅक सुरू होतो, तिथून मार्लापर्यंत साधारण 620 किमी कच्चा रस्ता, जुन्या घॅन रेल्वेच्या कडेकडेने. ही रेल्वे 1980 मधे बंद झाली, रूळ बरेचसे उखडलेत, पण पूल, पाण्याच्या टाक्या, पडकी स्टेशनं दिसत राहतात. घॅन हे नाव अफगाण उंटवाल्यांवरून. म्हणायला अफगाण, पण त्यातले बरेच जण बलुचिस्तान, पंजाब, राजस्थानकडचे, 1860 मधे उंटांची पहिली मोठी तुकडी कराचीहून आली. मारीत त्यांच्या मशिदीची प्रतिकृती आहे, मातीची, गवती छपराची, बघून एकदम गावाकडच्या गोठ्याची आठवण आली.

रस्त्याबद्दल काय सांगू, पन्हाळी पत्र्यावरून गाडी नेल्यासारखं वाटतं, दात खुळखुळतात. टायरची हवा कमी करायची, आम्ही 28 पीएसआयवर आणली तेव्हा जरा जीवात जीव आला. हवा भरायचा कॉम्प्रेसर कंपनीने दिला होता, त्याबद्दल थँक्यू. बाकी लाल धूळ कुठेही शिरते, चहाच्या डब्यात, गॉगलच्या केसमधे, मेतकुटात. माश्यांची जाळी डोक्यावर घालून थालीपीठ खायची कला नवऱ्याला जमली, मला नाही.

वाटेत लेक आयरचा दक्षिण भाग दिसतो, मुख्य तलाव समुद्रसपाटीपेक्षा सुमारे 15 मीटर खाली, आम्हाला दिसलं ते नुसतं पांढरं मीठ. कॉवर्ड स्प्रिंग्ज या कॅम्पच्या जागी मुक्काम मात्र नक्की करा. खजुराची झाडं, कोमट पाण्याचं छोटं कुंड, आणि आंघोळीला लाकूड पेटवून पाणी तापवायचं, म्हणजे चक्क आपला बंब! नवरा तासभर त्या बंबापाशीच बसून होता.

आता स्टेपनी. कॉवर्ड स्प्रिंग्जच्या पुढे चाळीसेक किमीवर मागचा टायर गेला, दगडाने बाजूनेच चिरला होता. फोनला रेंज नाही. स्टेपनी काढली तर तिच्यात हवा निम्मीच, आणि जॅकखाली ठेवायची लोखंडी प्लेट किटमधे नव्हतीच. खाली भुसभुशीत वाळू, जॅक वर चढायच्या ऐवजी जमिनीत रुतत चाललेला. मी घरून पोळपाट घेतला तेव्हा नवरा म्हणाला होता, "अगं, वाळवंटात पोळ्या लाटणारेस का?" तोच पोळपाट शेवटी जॅकखाली गेला. कर्रकन आवाज झाला, मधोमध भेग गेली, पण गाडी उचलली गेली. तेवढ्यात एक म्हातारं ऑस्ट्रेलियन जोडपं थांबलं, त्या आजोबांनी नटं आवळून दिली, पोळपाट हातात घेऊन उलटसुलट बघितला आणि हे कुठल्या दुकानात मिळतं विचारलं. (या रस्त्यावर समोरून येणारा प्रत्येक जण स्टिअरिंगवरून एक बोट वर करून नमस्कार करतो, कोणी अडकलेला दिसला की थांबतोच.)

दुसरी स्टेपनी नसताना पुढे ऊडनाडट्टाला जायची हिंमत झाली नाही. हीच माझी मुख्य तक्रार. 1960 मधे 50.7 डिग्री तापलेलं ते गाव, ते गुलाबी रोडहाऊस, अल्जेबकिनाचा लांबलचक रेल्वे पूल, सगळं राहिलं, ते एका निम्म्या भरलेल्या चाकापायी. विल्यम क्रीक या वाटेतल्या छोट्या वस्तीच्या पबमधे चिप्स खाल्ल्या आणि तिथून 165 किमीवरचं कूबर पीडी हे ओपल खाणींचं गाव गाठलं, बराचसा रस्ता ॲना क्रीक या एकाच गुरांच्या फार्ममधून जातो, गोव्याच्या चौपट मोठं आहे ते. मी कुंपण शोधत होते, दमले. कूबर पीडीत नवीन टायर पदरचे पैसे टाकून घेतला आणि एक रात्र जमिनीखालच्या खोलीत झोपलो, तिथे ना शिडी, ना थंडी.

परत आल्यावर कळलं की आम्ही दिवसाला जादा पैसे भरून घेतलेल्या इन्शुरन्समधे टायर, काच, गाडीचं टप आणि खालची बाजू यातलं काहीच बसत नाही. मग बसतं काय? अंधार पडल्यावर गावाबाहेर चालवायची नाही हीसुद्धा अट होती, ती मात्र बरोबर आहे, संध्याकाळी कांगारू कुठून उडी मारेल सांगता येत नाही. पण आउटबॅकची गाडी म्हणून जाहिरात करायची, एकच स्टेपनी द्यायची आणि वर लाल धुळीचे क्लीनिंग चार्जेस लावायचे, याला काय म्हणायचं? तिथे धूळ नाही तर काय गुलाल उडणार?

गाडी घेताना काउंटरवर घाई करतात, करू देऊ नका. स्टेपनीची हवा समोर मोजायला लावा, दुसरी स्टेपनी मागा, जॅक बाहेर काढून बघा, इन्शुरन्सची बारीक अक्षरं घरी आदल्या रात्रीच वाचा. सॅटेलाइट फोन भाड्याने मिळतो, आम्ही पैसे वाचवले, पुढच्या वेळी नाही वाचवणार.

पुढच्या वर्षी मार्लाच्या बाजूने शिरून उरलेला भाग करायचाय, दुसऱ्या कंपनीची गाडी घेऊन. तंबू असाच मिळाला तर बरं. पोळपाट तोच नेणार आहोत, भेगेत कणिक अडकते पण चालतंय.