अलिबागचं घर पाहुण्यांना द्यायचंय: स्वतः चालवावं की मॅनेजर नेमावा?

घर नागावला नाहीतर किहीमला, आणि आपण डोंबिवलीत किंवा पुण्यात. वर्षातले जेमतेम महिनाभर दिवस तिथे राहणं होतं, म्हणून ते सुट्टीवर येणाऱ्यांना द्यायचं ठरतं. आम्ही तीन वर्षं घर स्वतः चालवलं, मग दोन वर्षं मॅनेजरकडे दिलं. त्या अनुभवावरून लिहिते आहे.

आधी पैशांचं बघू. रात्रीचं भाडं ९,००० रुपये, आणि शुक्रवार-शनिवार मिळून महिन्याला ८ रात्री भरल्या असं धरा. ७२,००० जमले. मॅनेजरचा वाटा २५ टक्के असेल तर त्यातले १८,००० त्याचे. तुमच्या हाती पूर्वीइतकेच ७२,००० यायचे, तर त्याला ८ ऐवजी ११ रात्री भराव्या लागतील. वाढीव रात्री मधल्या वारच्या, तेव्हा दर उतरलेला, म्हणजे खरं तर ११ नाही, १२ धरा. एवढं गिऱ्हाईक तो आणू शकतो का, हे आधी विचारा. फोटो किती देखणे काढतो ते नंतर.

आणि टक्केवारी नेमकी कशावर, तेही विचारा. आमच्या करारात ती एकूण भाड्यावर होती. चादरींची धुलाई, विजेचं बिल, केअरटेकरचा पगार सगळं आमच्याकडे. जुलैत हाती आलेले पैसे बिलांनाही पुरले नाहीत.

आता शनिवारची रात्र. साडेदहाला पाण्याची मोटार बंद पडते, टाकी रिकामी, घरात आठ माणसं आणि त्यात दोन लहान मुलं. आमचे शेजारचे काका केअरटेकर होते तेव्हा ते गावातल्या वायरमनला उठवून अर्ध्या तासात घेऊन यायचे. मॅनेजरच्या सुपरवायझरकडे त्याच रात्री आणखी बरीच घरं असायची. पण काकांच्या मुलीचं लग्न निघालं तेव्हा ऐन डिसेंबरात आम्हाला दोन वीकेंड बंद ठेवावे लागले. मॅनेजर अशा वेळी दुसरा माणूस पाठवतो, हे मान्य करायलाच हवं.

पावसाळ्यात गेटवे-मांडवा बोटी बंद असतात. भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला २०२० पासून रो-रो, म्हणजे गाड्याही नेणारी मोठी बोट, सुरू झाली, तिचा आधार आहे. तरीही बंद घराला बुरशी धरते, पन्हळी तुंबतात. मॅनेजर बुकिंग असलेल्या दिवशी घर बघतो. रिकाम्या दिवसांची जबाबदारी करारात लिहून घेतली नाही तर ती कुणाचीच नसते. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं तेव्हा छपरावर ताडपत्री टाकायला गावातलंच माणूस धावलं. ते मी विसरणार नाही.

कागदपत्रांत मॅनेजर सरस. पाहुण्यांची ओळखपत्रं, परदेशी पाहुणा आला तर २४ तासांच्या आत सरकारकडे ऑनलाइन माहिती, उलाढाल २० लाखांपुढे गेली की जीएसटी नोंदणी, हे सगळं त्याला सरावाचं असतं. वर्षभराच्या ठरीव भाड्यानं घर देऊन टाकणं हा तिसरा मार्ग. त्यात प्राप्तिकरात घरभाड्यावरची ३० टक्के वजावट साधारणपणे मिळते आणि डोक्याला ताप कमी, पण दिवाळी-नाताळातही घर तुमचं नाही.

माझं मत विचाराल तर, घर दोन खोल्यांचं असेल, शेजारी विश्वासाचं जोडपं असेल आणि महिन्यातून एकदा तुमची चक्कर होत असेल, तर स्वतःच चालवा. जोडप्याला पगार चांगला द्या, बुकिंगमागे वर काहीतरी द्या. चार खोल्या, स्विमिंग पूल आणि तुम्ही दुबईत किंवा न्यू जर्सीत, तर मॅनेजरशिवाय निभणार नाही.

फक्त बुकिंगच्या साइटवरचं घराचं लिस्टिंग तुमच्याच खात्यावर ठेवा. आमचं मॅनेजरच्या खात्यावर होतं. करार संपवला त्या दिवशी दोन वर्षांचे सगळे रिव्ह्यू त्याच्याकडे राहिले, आणि पाच वर्षांचं घर ऑनलाइन पुन्हा नवखं झालं.