केशरी कॅप्सूल: युबिक्विनोन घ्यावं की युबिक्विनॉल?

केमिस्टकडे ‘कोक्यू टेन’ (को-एन्झाइम क्यू टेन, हृदयासाठी म्हणून घेतलं जाणारं सप्लिमेंट) मागा, दोन प्रकार पुढे येतात. एकावर युबिक्विनोन लिहिलेलं असतं, दुसऱ्यावर युबिक्विनॉल, आणि दुसऱ्याची किंमत सहसा बरीच जास्त. ‘तेच घ्या, ते अॅक्टिव्ह आहे,’ असंही ऐकायला मिळतं. वाक्य खोटं नाही, पण अर्धंच आहे.

दोन्ही एकाच पदार्थाची रूपं. १९५७ साली अमेरिकेत विस्कॉन्सिन विद्यापीठात फ्रेडरिक क्रेन यांना हा पदार्थ गाईबैलांच्या हृदयाच्या पेशींमध्ये सापडला. अन्नातून ऊर्जा काढताना पेशीत इलेक्ट्रॉन इकडून तिकडे न्यायचं काम तो करतो, आणि हृदय तर क्षणभरही न थांबणारा स्नायू. इलेक्ट्रॉन घेण्याआधीचं रूप म्हणजे युबिक्विनोन, घेतल्यानंतरचं युबिक्विनॉल. रक्तात जे फिरतं ते बहुतेक युबिक्विनॉलच असतं, जाहिरातीतलं ‘अॅक्टिव्ह’ इथूनच आलं. पण युबिक्विनोन गिळलं तरी शरीर त्याचं युबिक्विनॉल करून घेतं.

मग प्रश्न उरतो तो आतड्यातून किती शोषलं जातं याचा. २०१९ साली स्पेनमध्ये १४ निरोगी तरुणांना एकाच मात्रेच्या सात वेगवेगळ्या कॅप्सूल देऊन पाहिल्या. सगळ्यात वर आलं ते तेलात नीट विरघळवलेलं युबिक्विनोन, त्याखालोखाल युबिक्विनॉल. शिवाय माणसामाणसात फरक भरपूर. म्हणजे नावाइतकंच, किंबहुना जास्त, महत्त्व कॅप्सूल कशी बनवली आहे याला. कोरडी पावडर भरलेल्या कॅप्सूलपेक्षा तेलातली सॉफ्टजेल बरी, आणि तीही जेवणासोबत. वरण-भातावर तूप असेल तर उत्तमच, कारण हा पदार्थ स्निग्धात विरघळणारा आहे.

माझं मत युबिक्विनोनकडे झुकतं ते पुराव्यामुळे. हार्ट फेल्युअरवरचा, म्हणजे हृदयाचं पंपिंग कमी पडण्यावरचा, यातला सर्वात चर्चेतला अभ्यास, क्यू-सिम्बिओ, २०१४ साली प्रसिद्ध झाला. चालताना दम लागणारे, औषधं चालू असलेले ४२० रुग्ण. निम्म्यांना १०० मिलिग्रॅम युबिक्विनोन दिवसातून तीनदा, बाकीच्यांना बिनऔषधी कॅप्सूल. दोन वर्षांत हृदयाचा गंभीर प्रसंग ओढवला तो अनुक्रमे १५ आणि २६ टक्के जणांवर. पण पहिल्या १६ आठवड्यांत फरक दिसलाच नव्हता. तेव्हा डबा आणून महिनाभरात ‘काही उपयोग नाही’ म्हणून फेकणारा आणि महिनाभरात ‘किती फ्रेश वाटतंय’ म्हणणारा, दोघांचीही घाई होते.

या अभ्यासाची दुसरी बाजूही सांगायला हवी. ४२० ही संख्या हृदयरोगाच्या अभ्यासांत लहानच, आणि डॅपाग्लिफ्लोझिनसारख्या गोळ्या तेव्हा हार्ट फेल्युअरसाठी वापरात नव्हत्या. आजच्या पूर्ण उपचारावर कोक्यू टेन किती भर घालतं, हे त्या आकड्यांवरून काढता येत नाही. तरी युबिक्विनॉलच्या महाग डब्यामागे या तोडीचा अभ्यास नाही. इकोमध्ये पंपिंग कमी आलं असेल, तर चालू औषधं तशीच ठेवून डॉक्टरांना विचारण्यासारखा विषय एवढाच: युबिक्विनोन, आणि त्याची मात्रा.

स्टॅटिन, म्हणजे कोलेस्टेरॉल कमी करणारी गोळी, घेणाऱ्यांचं गणित वेगळं. स्टॅटिन कोलेस्टेरॉलची जी वाट अडवतं, त्याच वाटेवर पुढे कोक्यू टेनही बनतं. त्यामुळे रक्तातली पातळी घटते हे खरं. म्हणून पोटऱ्या दुखतात आणि कॅप्सूलने थांबतात, हे मात्र सिद्ध झालेलं नाही. अभ्यासांचे निष्कर्ष एकमेकांशी जुळत नाहीत. त्रासामुळे स्टॅटिन सोडलेल्या ६० जणांना लंडनमधल्या २०२० च्या अभ्यासात काही महिने खरी गोळी, काही महिने खोटी, काही महिने काहीच नाही असं दिलं. खऱ्या गोळीवर जेवढा त्रास, त्याच्या ९० टक्के खोट्या गोळीवरही! दुखणं खोटं नव्हतं, गोळीवर घेतलेला संशय बराचसा खोटा होता. तेव्हा पाय दुखत असतील तर आधी डॉक्टरांना सांगा. सीपीके (स्नायूंना इजा झाली आहे का ते दाखवणारी रक्ततपासणी) तपासता येतं, मात्रा किंवा गोळी बदलता येते. स्टॅटिन मनानेच बंद करून त्या जागी कोक्यू टेन, हा सौदा अजिबात करू नका.

बीपीसाठी? नको. काही आजार नाही, नुसतं ‘हार्टसाठी चांगलं’ म्हणून? तेही नको, त्या पैशात बांगडा आणा, त्यात हा पदार्थ थोडाफार असतोच, आणि चवही असते.

दुकानात अजून एक चकवा असतो: कोक्यू टेनसोबत कार्निटीन, ओमेगा-३, लायकोपिन अशी सगळी मिसळ एकाच गोळीत. अशा वेळी पाठीमागची बारीक अक्षरं वाचून यात कोक्यू टेन किती मिलिग्रॅम हे पाहा. तिथेच ‘नॉट फॉर मेडिसिनल यूज’ही दिसेल, कारण आपल्याकडे सप्लिमेंट म्हणून विकलं जाणारं हे अन्नाच्या नियमांखाली येतं.

आणि घरात कुणाला वॉरफेरिन चालू असेल, तर दोन्हीपैकी कुठलाही डबा डॉक्टरांना न विचारता उघडू नका. कोक्यू टेनची रचना व्हिटॅमिन के सारखी आहे, रक्त पातळ ठेवणाऱ्या त्या गोळीचा असर ते कमी करू शकतं. सुरू केलंच, तर आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो हे सांगणारी तपासणी) लवकर तपासून घ्या, आणि बंद करतानाही.