सांबा की एनएफएस?

लिनक्स सर्व्हरवरचं फोल्डर नेटवर्कवर द्यायचंय, पण ते करणाऱ्या या दोन पद्धतींत अडकलात?

मांडणीत एनएफएस सुटसुटीत: एक्स्पोर्ट्स फाइलमध्ये एक ओळ (ज्या मशीनला द्यायचं तिचा आयपी पत्ता आणि त्याला चिकटून कंसात परवानगी), मग ती लागू करायला ‘एक्स्पोर्टएफएस -आरए’ ही कमांड. मात्र आयपी पत्ता आणि कंस यांच्यात स्पेस पडली, तर कंसातली परवानगी त्या मशीनऐवजी सगळ्यांनाच मिळते! सांबात लिनक्सचा युजर असला तरी ‘एसएमबीपासडब्ल्यूडी -ए’ने पासवर्ड वेगळा नोंदवावा लागतो, लॉगिन अडतं ते बहुधा इथेच.

सुरक्षेत एनएफएस भाबडा. नेहमीच्या मांडणीत पासवर्ड न विचारता तो युआयडी, म्हणजे मशीनने युजरला दिलेला आकडा, खरा मानतो. सर्व्हरवर १००१ एक जण आणि क्लायंटवर दुसराच असेल, तर फायली भलत्याच्या नावावर.

फायरवॉलमध्ये सांबाला पोर्ट ४४५ उघडा, एनएफएसच्या आवृत्ती ४ ला २०४९.

विंडोज, मॅक, फोन मिसळलेले असतील तर सांबाच. सगळी लिनक्स मशीन्स आपल्याच ताब्यात असतील तर एनएफएस.