फ्रूटकेकची खरेदी : क्रॉफर्ड मार्केटची सुक्यामेव्याची ओळ

नाताळचा फ्रूटकेक घरी करायचाय, ओव्हन कोणता घेऊ, असं मला दर वर्षी कोणी ना कोणी विचारतं. माझं उत्तर ठरलेलं आहे. ओव्हनचं नंतर बघू, आधी क्रॉफर्ड मार्केटला जाऊन या. ज्या केकमध्ये मैदा पाव किलोसुद्धा नसतो आणि फळं पाऊण किलोच्या वर जातात, त्याची चव फळंच ठरवणार. मैदा, लोणी, अंडी ही फळांना धरून ठेवण्यापुरती. म्हणून हे परीक्षण मंडईतल्या सुक्यामेव्याच्या दुकानांचं आहे, आणि तेही फक्त केक करणाऱ्याच्या नजरेतून.

मी लालबागला राहतो, नोकरी फोर्टातल्या बँकेत. मार्केट वाटेवरच पडतं. केक शिकलो तो बँकेतल्या एका वसईच्या बाईंकडून. आम्ही सगळे त्यांना मावशी म्हणायचो. त्यांच्या घरी ऑक्टोबर संपायच्या आत फळं रममध्ये पडलेली असायची. कॅश काउंटर सांभाळता सांभाळता त्यांनी मला पहिली गोष्ट सांगितली ती ही, की "खाऊन बघितल्याशिवाय एक दाणासुद्धा घ्यायचा नाही." ॲपवरून दहा मिनिटांत घरी येणाऱ्या पाकिटाला हा नियम लावता येत नाही. क्रॉफर्ड मार्केटला लावता येतो, आणि माझ्या दृष्टीने तिथे जाण्याचं सगळ्यात मोठं कारण हेच आहे. दुकानदार स्वतःहून हातावर चार बेदाणे ठेवतो. ठेवले नाहीत तर मागा. दाखवायला कां कूं करणाऱ्याकडून घेऊ नका, शेजारी दुसरा उभाच आहे.

बेदाण्यावर जरा थांबतो, कारण केकमध्ये सगळ्यात जास्त तोच जातो आणि सगळ्यात निष्काळजीपणे तोच घेतला जातो. आपल्याकडचा बराचसा बेदाणा सांगली-तासगावकडचा आणि नाशिककडचा. तिकडे द्राक्षं फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये उतरतात, पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइलच्या पाण्यात बुडवून शेडमध्ये जाळ्यांवर वाळवतात. त्या पाण्याने द्राक्षाच्या सालीवरचा मेणासारखा थर निघतो आणि दाणा लवकर सुकतो. पुढे माल शीतगृहात जातो. म्हणजे नाताळाला आपण जो बेदाणा घेतो तो त्याच वर्षीच्या उन्हाळ्याचा असायला हवा. तसा आहे का, हे दाणा सांगतो. बोटांत दाबला की मऊ लागला आणि पुन्हा फुगला तर माल ताजा. दाताखाली साखरेची कचकच आली, पृष्ठभागावर पांढरे कण दिसले, तर तो जुना आहे. जुना बेदाणा रममध्ये मऊ होतो, पण त्याची चव परत येत नाही.

पिवळाधमक, एकसारखा चमकणारा बेदाणा ट्रेमध्ये फार छान दिसतो. त्याला गंधकाची धुरी दिलेली असते, म्हणून तो काळवंडत नाही. नाकाजवळ नेला की एक उग्र वास येतो. खीर-शिऱ्याला ठीक आहे, पण बंद बरणीत तीन आठवडे ठेवायच्या फळात मला तो वास नको असतो. मी हिरवट-तपकिरी साधा बेदाणा अर्धा भाग आणि बिनबियांचा काळा मनुका अर्धा भाग घेतो. काळा मनुका केकला जी गडद, किंचित आंबट चव देतो ती दुसऱ्या कशाने येत नाही. बियांचा मनुका मात्र टाळा. दुकानदार म्हणेल तब्येतीला चांगला, आणि ते खरंही असेल, पण केकच्या घासात बी आलेली कोणाला आवडत नाही. घरी आल्यावर सगळा बेदाणा कोमट पाण्यात दोनदा धुवायचा आणि पंच्यावर पसरून पंख्याखाली पूर्ण कोरडा करायचा. तेल, धूळ, देठ सगळं निघतं. हे केल्याशिवाय रममध्ये टाकू नये.

आता लाल चेरी. मंडईत ढीगभर मिळते, स्वस्त मिळते, आणि त्यातली बरीचशी चेरी नसतेच, करवंद असतं. बिया काढून, साखरेच्या पाकात मुरवून लाल रंगवलेलं करवंद. मला करवंदाबद्दल राग नाही, कोकणातल्या माणसाला तो असूच शकत नाही. पाकवलेलं करवंद केकमध्ये चांगलं लागतं, थोडं चिवट, थोडं आंबट. फक्त पैसे देताना आपण काय घेतोय ते माहीत असावं. एक चिरून बघा. खऱ्या चेरीत एकाच मोठ्या बीची पोकळी असते. मी विचारलं तर एका दुकानदाराने सरळ सांगितलं, "साहेब, ही करवंदाची, आणि ही डब्यातली इम्पोर्टेड. केकच्या आत घालणार असाल तर पहिलीच न्या, वर लावायची असेल तर दुसरी." मला हा सल्ला पटला आणि मी तो पाळतो. दोन्हींना पाक चिकटलेला असतो. तो धुऊन, टिपून, चेरी अर्धी करूनच मिश्रणात घालायची, नाहीतर ती तळाला जाते आणि आजूबाजूचा केक गुलाबी करते.

केकसाठी तयार मिक्स म्हणून जी पाकिटं डिसेंबरात सगळीकडे लटकतात ती घेऊ नका. त्यांत निम्म्याच्या वर टूटीफ्रूटी असते, म्हणजे कच्च्या पपईचे पाकवलेले, रंगवलेले तुकडे. पपईला स्वतःची चव फारशी नाही. त्या पाकिटाच्या केकमध्ये गोड लागतं, फळ लागत नाही. शेजारच्या उघड्या ट्रेमधून पाव पाव किलो वेगवेगळं घेतलं तर हिशोब थोडा वाढतो, पण फरक पहिल्या घासाला कळतो.

जर्दाळूचे दोन प्रकार दिसतील. केशरी, मऊ तुर्की जर्दाळू, त्यालाही गंधक असतं पण वास बेदाण्याइतका जाणवत नाही. आणि लहान, तपकिरी, आत आठळी असलेला. केकला पहिला सोपा, चवीला दुसरा खोल. आठळी काढायची तयारी असेल तर दुसरा घ्या, आणि आठळी फोडायच्या भानगडीत पडू नका. अंजीर सुतळीत ओवलेल्या माळेतलं मी घेत नाही, ते फार कडक असतं. सुटं, चपटं आणि दाबल्यावर दबणारं घ्यावं. खजूर कुठलाही मऊ चालतो. आलुबुखारा थोडा तरी हवाच, शंभर ग्रॅम पुरे, केकला ओलावा तो देतो.

काजूच्या बाबतीत या बाजारात पैसे वाचवता येतात. अख्खा काजू केकसाठी घेणं म्हणजे निव्वळ उधळपट्टी, कारण सुरीखाली त्याचे तुकडेच होणार. पाकळी किंवा तुकडा मागा. तोच काजू, किलोमागे बराच स्वस्त. फक्त तुकड्यात भुगा किती आहे ते मूठभर उचलून बघा. अक्रोडाला नाक लावा. खवट अक्रोड दिसायला अगदी चांगला असतो, आणि दोन-चार खवट तुकडे पूर्ण केकला लागतात. सुकामेव्यातली ही दाण्याची मंडळी, काजू, बदाम, अक्रोड, रममध्ये भिजवायची नाहीत. भाजायच्या दिवशीच घालायची, म्हणजे कुरकुरीतपणा टिकतो.

मंडईबद्दल तक्रारी आहेत. डिसेंबरच्या संध्याकाळी तिथे पाय ठेवायला जागा नसते, आणि बाहेरूनच "काय पाहिजे, आत या" करत मागे लागणारी माणसं नवख्याला भांबावून सोडतात. त्यांच्यामागे जाऊ नका, आपण सरळ आत शिरून ओळ शोधा. भाव पहिला सांगतात तो शेवटचा नसतो. एका ठिकाणी मला वरच्या थरात ताजा आणि खालून जुना बेदाणा भरून दिला होता. तेव्हापासून मी दुकानदाराला हात ट्रेच्या तळापर्यंत घालून भरायला सांगतो. खुल्या मालावर तारीख नसते, त्यामुळे नाक-जीभ हीच तुमची तारीख. दुरुस्तीच्या कामामुळे ओळखीचं दुकान कधी इकडे कधी तिकडे सरकलेलं सापडतं. आणि पाळीव प्राण्यांच्या दुकानांची बाजू ज्यांना सहन होत नाही त्यांनी तिकडून शिरू नये.

तरी सकाळी अकराच्या सुमाराला, आठवड्याच्या मधल्या वारी गेलात तर हा बाजार फार सुखाचा आहे. दुकानदाराला बोलायला वेळ असतो. आत जाण्याआधी प्रवेशाच्या कमानीवर एकदा मान वर करून बघाच. १८६९ ची ही इमारत, वास्तुविशारद विल्यम एमर्सनच्या आराखड्याची, आणि कमानीवर शिल्पकार लॉकवूड किपलिंगची गव्हाच्या शेतातल्या माणसांची शिल्पं आहेत. रोज हजारो माणसं त्यांच्याखालून जातात आणि फार थोडी बघतात, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

केकचे डबे, बटर पेपर, ब्राऊन शुगर हे आजूबाजूच्या गल्ल्यांतल्या केकच्या सामानाच्या दुकानांत मिळतं. आठ इंची गोल, तीन इंच उंच ॲल्युमिनियमचा डबा घ्या. पातळ रंगीत नॉनस्टिक डबे या केकसाठी नकोत, दोन-अडीच तासांच्या भट्टीत त्यांच्या कडा करपतात.

मी घेतो ते माप : सगळी फळं मिळून ८०० ग्रॅम, रम २०० मिली, लोणी, साखर, मैदा प्रत्येकी २२५ ग्रॅम, अंडी चार, काजू-बदाम-अक्रोड मिळून दीडशे ग्रॅम. रमला मी ओल्ड मंकच वापरतो. ४२.८ टक्के अल्कोहोलमुळे फळ टिकतं, आणि तिचा व्हॅनिलासारखा वास काळ्या मनुक्याला शोभतो. काचेची बरणी, एक दिवसाआड हलवायची, निदान तीन आठवडे. रम नको असेल तर फळं संत्र्याच्या रसात उकळून, रस आटला की झाकून रात्रभर फ्रीजमध्ये ठेवा आणि दुसऱ्याच दिवशी केक भाजा. रसातलं फळ बरणीत आठवडाभर टिकत नाही, विशेषतः मुंबईच्या हवेत.

काळा रंग हवा तर बाजारात कॅरॅमल कलरची बाटली मिळते. ती घेऊ नका. शंभर ग्रॅम साखर जाड बुडाच्या भांड्यात जाळा, कडेने धूर यायला लागला आणि रंग गडद तपकिरी झाला की गॅस बंद करून अर्धी वाटी उकळतं पाणी लांबून ओता. जोरात उसळतं, तेव्हा मुलांना स्वयंपाकघराबाहेर ठेवा. ते जे किंचित कडसर काळं पाणी होतं, तेच मावशींच्या केकमधलं खरं वैशिष्ट्य. त्याशिवाय जायफळ आणि दालचिनी पुरतात, लवंग जपून.

ओटीजी, म्हणजे घरचा छोटा विजेचा ओव्हन, १५० अंश सेल्सिअसवर, डब्याला आतून बटर पेपरचे दोन थर. तासाभराने वरून फॉइल टाका, कारण लहान ओटीजीचा वरचा रॉड केकच्या फार जवळ असतो. सव्वादोन तासांनी सुई घालून बघायला सुरुवात करा. केक डब्यातच पूर्ण गार होऊ द्या आणि मग दोन चमचे रम वर शिंपडा.

एक गोष्ट मात्र या मंडईत मला मनासारखी मिळाली नाही, ती म्हणजे संत्र्याची पाकवलेली साल. तिथे मिळणारी बहुतेक साल केशरी रंगाची साखर झालेली असते, कडसरपणा पार गेलेला. ती घरीच करा. नोव्हेंबर-डिसेंबरात नागपुरी संत्री मुंबईत भरपूर येतात, साल सैल आणि आतला पांढरा भाग पातळ, म्हणजे कामाला अगदी योग्य. साली लांब चिरून तीनदा पाणी बदलून उकळा, मग सालींच्या वजनाइतकी साखर आणि बुडण्यापुरतं पाणी घालून मंद आचेवर पारदर्शक होईपर्यंत शिजवा आणि जाळीवर वाळवा. पन्नास-साठ ग्रॅम केकमध्ये जाते. उरलेली चहाबरोबर आमच्या घरी दोन दिवसांत संपते, म्हणून मी आता दुप्पट करतो.