टेबलावर रेल्वे करायचीय: सिंगल लाईन टाकू का डबल?

भावा, 6 बाय 4 फुटाचा प्लाय आणलास, आता रूळ कसं टाकायचं विचारतोयस, तर आधी आपली पुणे-मिरज लाईन आठव. दुहेरीकरणाच्या आधी भिलवडी नायतर ताकारीला गाडी लूपात (मेन लाईनीतनं फुटून पुढं परत तिलाच मिळणाऱ्या बाजूच्या रुळात) जाऊन गप उभी राहायची, कुणीतरी दारातनं वाकून सांगायचं "क्रॉसिंग हाय", मग समोरची धाडधाड गेली की आपला सिग्नल.

सिंगलचं गणित हेच. दोन क्रॉसिंग स्टेशनांच्या मधे एका वेळी एकच गाडी. 10 किमी अंतर 60 च्या स्पीडनं 10 मिनिटं, वर लाईन क्लिअर (पुढच्या स्टेशनाची परवानगी) घ्यायला, पॉईंट (गाडी एका रुळावरनं दुसऱ्यावर नेणारा सांधा) फिरवायला दोन-तीन मिनिटं धर, म्हणजे तासात जाऊन-येऊन मिळून पाच गाड्यापण नीट बसत नाहीत. आणि सगळ्यात लांब टप्पा जो असेल तोच अख्ख्या लाईनीला थांबवतो.

डबलला अप वेगळी, डाऊन वेगळी, समोरासमोरची भानगडच नाही. पण म्हणून लूप नको असं समजू नको, बरेच जण इथंच फसतात. पुढं मालगाडी आणि मागं वंदे भारत असली तर मालगाडी लूपात घेतल्याशिवाय मागची पुढं जाणार कशी?

आता तुझा प्लाय. एचओ स्केल म्हणजे 1:87, खऱ्याच्या 87 वा भाग, तर खऱ्या साडेतेवीस मीटरच्या डब्याचे 27 सेमी होतात, इंजिन आणि तीन डबे म्हटलं की मीटरच्या वरच गेलं. क्रॉसिंगला दोनपैकी एक गाडी तरी लूपात पूर्ण मावली पाहिजे, शेपूट पॉईंटवर राहिलं की दोन्ही अडकल्या. डबल घेतलीस तर आतलं वळण 18 इंच, बाहेरचं 22 इंच त्रिज्येचं, म्हणजे 44 इंच गेले, कडेला दोन-दोन इंच उरले, गाडी घसरली की थेट फरशीवर (माझं एक इंजिन असंच गेलं).

गाड्या नुसत्या फिरताना बघायच्या असतील तर डबल घे. पण पोराला स्टेशनमास्तर व्हायचंय ना? मग सिंगल, समोरासमोरच्या बाजूंना दोन लूप, आणि माल उतरवायला एक सायडिंग (गाडी उभी करायचा बाजूचा रूळ). ते एका टोकाला बंद ठेवलंस तरी चालतं, लूप मात्र दोन्हीकडनं उघडा लागतो. लांब कोयना एक्स्प्रेस पळवायचीच असली तर एन स्केल बघ, 1:160, लांबी जवळपास निम्मी लागते.

खिळे ठोकायच्या आधी गाडी प्लायवर उभी करून दोन्ही टोकांना खडूनं खूण कर, पॉईंट त्याच्या बाहेर.